डावी काडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब खाली आणायचा असेल तर मनातलं रोज लिहून काढा. माझ्या मनात काही असतं असं त्यांना का वाटलं, कोण जाणे. तरी एक वही घेतली. दुपारी दुकान दोन तास बंद असतं. शटर अर्धं ओढून मी एरवी खुर्चीत घोरतो, आता लिहीन.

पहिल्याच दिवशी मोठी बातमी आहे. मी समाजसेवक झालो. सकाळी एक बाई आल्या. गिऱ्हाईक समजून मी सगळ्यात महागड्या फ्रेमचा ट्रे पुढे सरकवला. बाई निघाल्या मागच्या गल्लीतल्या मदत केंद्राच्या. घरात मारहाण होणाऱ्या बायकांना तिथे सल्ला मिळतो, वकील मिळतो, वेळ आली तर राहायला जागाही मिळते आणि हे सगळं फुकट. "पण आम्ही आहोत हेच पुष्कळ जणींना माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुकानात एक पोस्टर लावाल का?"

मी ट्रे हळूच मागे घेतला आणि "अवश्य, अवश्य" म्हणालो. वर हेही म्हणालो, की चाळीस वर्षं लोकांची नजर सुधारतोय, आता समाजाचीही सुधारू. मॅडम सभ्य आहेत, हसल्या नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल जेवताना घरी जाहीर केलं. आम्ही घरात चौघं. मी, बायको, चिरंजीव आणि सूनबाई. चिरंजीव औषधांच्या कंपनीत विक्री बघतो. जिभेवर इतकी साखर, की ठणठणीत माणसालाही टॉनिकची बाटली गळ्यात मारेल. सूनबाई शाळेत गणित शिकवते. लग्नाला तीन वर्षं झाली.

"वा बाबा, या वयात क्रांती!" चिरंजीव म्हणाला. सूनबाईने पोस्टर उलगडलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं आणि होतं तसं गुंडाळून माझ्या हातात दिलं. बोलली काहीच नाही. गणितवाल्यांना भावना कमीच. बायको म्हणाली, "लोकांच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?" आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला. हिला हल्ली कमी ऐकू येतं. जेवणं आटोपली, मुलगा-सून आपल्या खोलीत गेली, की ही टीव्ही इतका मोठा करते की मालिकेतल्या बायका माझ्या मांडीवर बसून रडताहेत असं वाटतं. कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर येते.

१० फेब्रुवारी, सोमवार

पोस्टर साफ आपटलं. सहा दिवसांत ते एका माणसाने नीट वाचलं, तो वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेला होता. ज्यांनी वाचायचं त्या बायका येतात नवऱ्याबरोबर. नवरा बाजूला उभा असताना कुठली बाई मान वर करून ते वाचेल?

विचार करता करता मला एकदम सुचलं. सुचणं हा प्रकार माझ्या बाबतीत दहा वर्षांतून एकदा होतो, म्हणून तारखेसह नोंद करतोय. तपासणीच्या खोलीत पेशंटशिवाय मी कोणाला घेत नाही. खोली एवढीशी, पडदा ओढला की आत मी आणि पेशंट. तिथे सगळ्यांना मी जवळचं वाचायचं कार्ड देतो. त्यावरच्या उताऱ्यात चाळीस वर्षं एक मांजर खिडकीत बसलंय आणि ओळीगणिक बारीक होत चाललंय. मांजराला निवृत्त करायचं आणि तिथे मजकूर टाकायचा. घरात कोणी मारतं का, धमकावतं का, यात तुमची चूक नाही, या नंबरवर फोन करा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कार्ड छापून आलं. पहिलं वाचन निवृत्त पोस्टमास्तरांनी केलं. खणखणीत आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत गेले, थांबले, आणि म्हणाले, "मारत नाही हो, पण बोलते फार. त्याच्यासाठी वेगळं कार्यालय आहे का?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय, म्हणजे लिहायलाच हवं.

सकाळी एक जोडपं आलं. बाई तिशीची, हिरवा स्वेटर. नाव, वय, त्रास, सगळं नवरा सांगत होता. मी मनात म्हटलं, हीच ती. पडदा ओढला, कार्ड हातात दिलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "हं, मोठ्याने वाचा."

बाईंनी वाचलं. "घरात कोणी तुम्हाला मारतं का?" आणि आवाज तिथेच तुटला. बाहेर बाक करकरला. पडदा बाजूला झाला. नवरा हसतमुखाने उभा. तिच्या हातातलं कार्ड त्याने घेतलं, वाचलं, मला दिलं. "चल, आज राहू दे," तो बायकोला म्हणाला. ती उठली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता ती घरी पोचली असेल. पुढचं मला लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमकडे जाऊन कबुली दिली. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, कोणालाही मोठ्याने वाचायला लावायचं नाही. दुसरी, एखादीने काही सांगितलं तर शूरवीर होऊन नवऱ्याला जाब विचारायला जायचं नाही. "त्याचा वचपा तो घरी जाऊन तिच्यावरच काढतो. तुम्ही फक्त तिला विचारायचं, तुला काय हवंय? ती म्हणेल तेवढंच करायचं."

आजपासून मी सांगतो, "मनात वाचा, दिसलं की मान हलवा." पोस्टमास्तर असते तर नाराज झाले असते.

गेलेली अब्रू भरून काढायला मी निघताना थोडी शेखी मिरवली. म्हटलं, मोडका चष्मा माझ्याकडे आला की तो कसा मोडला ते मी हातात घेऊन सांगतो. पडलेला पुढून वाकतो. बसल्यावर दोन्ही काड्या फाकतात. लहान मूल ओढतं तेव्हा बिजागरी पुढे येते. आणि बाजूने हात बसला की एकच काडी आत जाते आणि पलीकडचं नोजपॅड नाकात रुततं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे आमच्या कार्यकर्त्यांना शिकवाल?" शिकवाल! मला! मी दारातून बाहेर पडलो तो बहुधा दोन इंच उंच होऊनच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शाळेत जाण्याआधी सूनबाई चष्मा देऊन गेली. वर्षभरातली ही तिसरी खेप. मागच्या वेळी कपाटाचं दार होतं, त्याआधी जिना, आता बाथरूमचं दार. प्रत्येक वेळी डावी काडी. मी म्हटलं, "काय गं, तुझी डावी बाजू आंधळी आहे का?" ती म्हणाली, "असेल बाबा."

बिजागरी नवी बसवली, काडी गरम करून सरळ केली, घासूनपुसून अशी केली की मोडली होती हे शपथेवर सांगितलं तरी कोणाला पटू नये. दुरुस्तीच्या वहीत नोंद नाही केली, घरच्या कामाची कसली नोंद. चिरंजीव म्हणतो तिच्या चष्म्याला दोरी बांधा. हा विनोद मी आतापर्यंत निदान वीस लोकांना ऐकवला आहे. सगळे हसतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल केंद्रात माझं व्याख्यान झालं. पंधरा बायका आणि एक पंखा. मागे बसलेल्यांनाही नीट दिसावं म्हणून सूनबाईला बरोबर नेलं होतं, फळ्यावर आकृत्या काढायला. तिचं वर्तुळ माझ्या वर्तुळापेक्षा गोल येतं. आश्चर्य म्हणजे मॅडमनी तिला नुसतंच मान हलवून "या" म्हटलं, ओळख करून द्यायची माझी संधी हुकली.

मी रंगात आलो. चार मोडकी उदाहरणं हातोहात फिरवली. शेवटी विचारलं, काही शंका? फळ्याजवळून सूनबाईचा आवाज आला. "म्हणजे मारणारा उजव्या हाताचा असेल, तर समोरच्याची डावी काडी आत जाते. हो ना, बाबा?"

"शाब्बास!" मी म्हटलं. "बघा, माझ्या सूनबाईला एकदा ऐकून सगळं कळलं." आणि टाळी वाजवली. मी एकट्यानेच. कार्यकर्त्या बायका जरा ठोंब्या दिसल्या.

घरी येताना ती एक अक्षर बोलली नाही. मी मात्र पूर्ण रस्ताभर माझ्याच व्याख्यानाबद्दल बोललो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घोर अपमान. चिरंजीवाने काल सूनबाईला नवा चष्मा आणून दिला, दुसऱ्या दुकानातून! बापाचं दुकान असताना! भारी फ्रेम, भारी डबी, डबीवर रिबिन. मी विचारलं, जुन्याचं काय झालं? हरवला म्हणे. आठ दिवसांपूर्वी मी जीव ओतून दुरुस्त केलेला चष्मा हरवला. चिरंजीव म्हणाला, "बाबा, तुम्हाला सारखा त्रास नको म्हणून." त्रास! आम्ही चष्मेवाले काय भाजी विकतो?

रुसून जेवलो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून नंतर उठून जेवलो.

३ मार्च, सोमवार

आज शटर पूर्ण खाली ओढून लिहितोय.

शाळेच्या मधल्या सुट्टीत सूनबाई आली. म्हणाली, नव्या चष्म्याने डोकं दुखतं. मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, त्या दुकानाची अब्रू आता पडद्यामागे काढतो. तिला खुर्चीत बसवलं. काचा तपासल्या, काचा बरोबर होत्या. मग फ्रेम हातात घेतली.

चार दिवसांची फ्रेम. डावी काडी आत. उजवं नोजपॅड दाबलेलं.

मला कळायच्या आधी माझ्या हातांना कळलं. आणि माझ्या हातांनी काय करावं? ते सवयीने काडी सरळ करायला लागले. अर्धी सरळ झाल्यावर मी थांबलो. तिच्या नाकाच्या उजव्या बाजूला लाल खूण होती. पंधरा बायकांना जे शिकवलं ते माझ्यासमोर दीड फुटावर बसलं होतं.

विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून मी काय केलं, तर कार्ड पुढे केलं. म्हटलं, "मनात वाच." असा मी शूर.

तिने कार्डाकडे पाहिलंही नाही. "बाबा, तो नंबर मला पाठ आहे. गेल्या वर्षापासून."

"मग... तू तिथे..."

"जाते. मॅडम मला ओळखतात. तुमच्या दुकानात पोस्टर घेऊन जा, असं त्यांना मीच सांगितलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल."

पोस्टर आलं, लक्षात आलं नाही. कार्ड केलं, लक्षात आलं नाही. फळ्याजवळ उभं राहून तिने भर सभेत सांगितलं, तर मी टाळी वाजवली.

"मला सरळ का नाही सांगितलंस, बाळा?"

"तुम्ही हसायचात, बाबा."

मग मॅडमनी शिकवलेलं आठवलं आणि मी विचारलं, "तुला काय हवंय?" तिने सगळं ठरवलेलं होतं. पुढच्या सोमवारी तो दोन दिवस फिरतीवर असेल, तेव्हा ती निघणार. केंद्राने खोली बघून ठेवली आहे. तोपर्यंत मी त्याला एका शब्दाने बोलायचं नाही. आणि ती तक्रार करणार आहे. तिला साक्षीदार लागेल.

"तुम्ही द्याल का साक्ष, हे आज विचारत नाही," ती उठता उठता म्हणाली. "तो तुमचा मुलगा आहे. विचार करा." आणि अर्धवट सरळ झालेला चष्मा घालून शाळेत गेली. पुढचा तास सातवीचा होता.

४ मार्च, मंगळवार

सकाळी दोघं कामावर गेल्यावर बायकोला सांगितलं. वाटलं, ती कोसळेल. ती भाजी निवडत राहिली. म्हणाली, "मला सगळं ऐकू येतं."

"म्हणजे?"

"माझे कान चांगले आहेत. म्हणूनच टीव्ही मोठा करते." मग ती रडायला लागली. "एकुलता एक आहे हो. नोकरी जाईल त्याची. लोक काय म्हणतील? तुम्ही साक्ष दिलीत तर तो पुन्हा आपल्याला तोंड दाखवेल का?"

मला तिला रागवायचं होतं. पण रागवायला तोंड लागतं. मी तरी काय केलं? हिने आवाज झाकले, मी मोड झाकली. माझं काम जरा जास्त सफाईदार होतं, एवढंच.

आणि खरं लिहायचं तर मलाही तेच वाटतंय जे तिला वाटतंय. त्याला मी सायकल शिकवली. ताप आला की तो माझंच बोट धरून झोपायचा. उद्या तो मला बाप म्हणेनासा झाला तर मी काय करू? सूनबाई बरोबर आहे हे मला कळतंय, आणि तरी साक्ष द्यायचा विचार आला की मी दुसरंच काहीतरी काम काढतो.

६ मार्च, गुरुवार

काल जेवताना चिरंजीव खुशीत होता. सूनबाईच्या हातून चमचा पडला. तो म्हणाला, "बाबा, आता चमच्यालाही दोरी बांधायला हवी." आणि माझ्याकडे पाहिलं, हसण्याची वाट बघत.

मी हसलो नाही. मोठा बाणेदारपणा केला असं मला वाटलं, दोन सेकंद. तो म्हणाला, "काय झालं? बीपी वाढलं का?" आणि मग त्याने सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हिने काही सांगितलंय का, असं ते बघणं होतं. तिने ताटातून नजर वर केली नाही. तिचा खांदा मात्र आखडला.

मग मी हसलो. मोठ्याने हसलो, ठसका लागेपर्यंत. म्हणालो, "दोरी कशाला, चमचाच बंद करू." त्याचं समाधान झालं. तो पुन्हा जेवायला लागला.

तीन वर्षं ती रोज हेच करत असणार. मला एकदाच करावं लागलं, तर आज सकाळपासून गिऱ्हाईकाकडे बघूनही हसवत नाहीये.

१० मार्च, सोमवार

चिरंजीव सकाळी सातला फिरतीवर गेला. नऊला सूनबाई दोन बॅगा घेऊन बाहेर आली. बायको स्वयंपाकघरातून आली नाही. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा धावत आली, सूनबाईच्या हातात जेवणाचा डबा दिला आणि तशीच मागे फिरली. मला विचारलं नाही, तुम्ही सही करणार का. विचारलं असतं तर मला तरी कुठे माहीत होतं?

केंद्रात मॅडमनी आधी तिचं सगळं लिहून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तासाभराने त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही साक्ष दिलीच पाहिजे असं नाही. तिचे डॉक्टरांचे कागद आहेत. तुम्ही आत्ता उठून गेलात तरी कोणी नाव ठेवणार नाही." सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. तिने मला भरीस घातलं नाही. घातलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी बसलो. सांगायला लागलो. पहिल्या वेळी बिजागरीचा स्क्रू वाकला होता. दुसऱ्या वेळी काडी मधून चिरली होती. तिसऱ्या वेळी बिजागरीच तुटली. चौथा चष्मा नवा होता, चार दिवसांचा. प्रत्येक वेळी डावी बाजू, प्रत्येक वेळी उजवं नोजपॅड. नोंद कुठे आहे, मॅडमनी विचारलं. म्हटलं, नाही केली. मीच दुरुस्त केले, मीच चेष्टा केली, तेही लिहा. त्यांनी लिहिलं. चाळीस वर्षांचा धंदा त्या कागदावर दीड पानात मावला.

खाली साक्षीदाराचं नाव, वय, व्यवसाय. मी भराभर लिहीत गेलो. त्याखाली एक रकाना होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी नातं. तिथे पेन अडलं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. चिरंजीवाचा. मी मॅडमकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं. तिचा रंग उतरला होता, पण तिने मान हलवली. घ्या म्हणून. फोन वाजू दिला. आधी रकान्यात लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग घेतला.

"बाबा, ही फोन उचलत नाहीये. शाळेतही नाही म्हणतात. कुठे आहे?"

"सुखरूप आहे. तू तिला शोधू नकोस. तिने तक्रार दिली आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला. "आणि तुम्ही?"

"मी साक्ष दिली."

"कोणाच्या बाजूने?"

"तिच्या."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. त्याचा आवाज आला तेव्हा तो आठ वर्षांच्या पोराचा वाटत होता, आणि मला वाटलं आता कागद फाडून टाकावा.

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"हो रे," मी म्हणालो. "तेच लिहिलंय आत्ता."